पाहुणीचं भाडं

ग्लेनमोर, काउंटी मेयो
१० जून

ती. डिम्प्नाताईस,
फिंटनचा सा. नमस्कार वि. वि.

तुझा गुडघा बरा असेल असं समजून सरळ तक्रारीलाच लागतो, कारण डोकं ठिकाणावर नाही. रायसाबाईंना आपल्या घरात, आईच्या खोलीत, चौदा महिने झाले. युक्रेनच्या पाहुण्यांना फुकट आसरा देणाऱ्या घराला सरकार दरमहा काही रक्कम देतं, ती मार्चपासून थकली होती. आता कचेरीचं पत्रच आलंय. म्हणे पाहुणी तुमच्या रानात राबते, म्हणजे भाडं मेहनतीत वसूल होतं, म्हणून रक्कम बंद. चौकशी होईल आणि गरज पडल्यास बाईंना दुसऱ्या काउंटीतल्या हॉटेलात हलवू!

मी त्यांना कधी राबवलं गं? चुलीसाठी दलदलीतली जळाऊ माती, ते पीट, कापायला येऊ नका म्हणून मीच हात जोडले होते. त्यावर त्या म्हणाल्या की मांडीवर हात ठेवून फोटोतली माणसं बसतात. घराशेजारी लसूण लावला तोही मला न विचारता.

कुणीतरी चहाडी केलीय. माझा संशय पोस्टमन टाइगवर आहे, तीन दिवस मी त्याच्याकडे बघितलेलंही नाही. बाईंनी मात्र खेरसोनहून आणलेली निळी बॅग कपाटावरून खाली काढलीय. माझ्यापायी तुमचं नुकसान नको, म्हणतात.

लवकर लिही. लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठव.
तुझा,
फिंटन


डब्लिन
१६ जून

चि. फिंटनस,
अनेक आशीर्वाद.

टाइगची आजच्या आज माफी माग. ती चहाडी मी केली.

रक्कम थकली, तू तोंड उघडेनास, म्हणून एप्रिलअखेर मीच कचेरीला चार पानं लिहिली. बाई किती मायेनं राहतात, बीटचं सूप कसं करतात, माझ्या भावाच्या बरोबरीनं पीट कसं रचतात, तेही त्याच्या दुप्पट वेगानं! वाटलं, वाचून त्यांना लाज वाटेल. चार पानांतून त्या शहाण्यांनी एवढी एकच ओळ उचलली. चाळीस वर्षं मी शाळेत पेपर तपासले, पण इतका ढ विद्यार्थी बघितला नाही.

संताप त्यांचा येतो आणि त्याहून जास्त माझा. हवं तर लिहून देते की मी म्हातारी, काहीबाही बरळले. चौकशीच्या दिवशी बाईंना खुर्चीवर बसवून ठेव. पण त्यांना जाऊ देऊ नकोस. आईनंतर पहिल्यांदाच तुझ्या पत्रांत जेवणाचा उल्लेख असतो.

रागाव, पण बोलणं टाकू नकोस.
तुझी,
ताई


ग्लेनमोर
१४ जुलै

ती. ताईस,
सा. नमस्कार.

महिनाभर लिहिलं नाही, कारण रागावलो होतो. आता नाही. टाइगची माफी मागितली, तर तो पठ्ठ्या हसत सुटला.

खोटं काही लिहून देऊ नकोस. गुरुवारी चौकशीचा माणूस आला, तेव्हा पीट घरी आणायची आपली सावड चालू होती. अकरा माणसं दलदलीत वाकलेली. त्यानं विचारलं, यांना मजुरी किती? म्हटलं, छदामही नाही, उद्या मी त्यांच्याकडे जाईन. मग तो एकेकाकडे बोट दाखवू लागला आणि मी सांगत गेलो. तो फादर, तो हेडमास्तर, तो टाइग, आणि त्या रायसाबाई.

त्याच्या फॉर्मात एक रकाना होता : भाड्याऐवजी काम देणाऱ्यांची नावं. मी फादरपासून रायसाबाईंपर्यंत अकराही लिहिली आणि सगळ्यांच्या वर तुझं. लग्नापर्यंत तूही इथे फुकटच राबलीस की! म्हटलं, रक्कम खुशाल बंद करा, पण भाडेकरू म्हणायचं तर या सगळ्यांना म्हणा. आमच्या गावात जो सावडीला येतो, तो गावचा असतो. हे बोलताना माझा आवाज चढला, बहुतेक पहिल्यांदाच. बाई वाकल्या होत्या त्या सरळ होऊन बघत राहिल्या.

तो फॉर्म घेऊन गेला. निकाल अजून नाही, रक्कमही नाही. दिली नाही तरी माझं चालेल, पण त्या पत्राची चीड मरेपर्यंत जाणार नाही.

टाइगचा भाऊ उद्या डब्लिनला येतोय. त्याच्याबरोबर रायसाबाईंनी तुला लसूण पाठवलाय, निळ्या बॅगेत भरून. त्यांचा निरोप असा की लसूण वाळत टांग, आणि बॅग तुझ्याकडेच ठेव, परत पाठवू नकोस.

तुझा,
फिंटन