शनिवारची फणी

प्रिय रिंकू,

नारायणगावहून येडगाव स्कूटरवर वीस मिनिटं. एवढ्यासाठी टपाल खात्याला कामाला लावणारा बाप जुन्नर तालुक्यात मी एकटाच असेन. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी ‘जेवलीस का’ विचारतो, तू ‘हो’ म्हणतेस, मग दोघंही नेटवर्कला दोष देऊन मोकळे होतो. घर सोडून शाळेजवळ खोली घेतलीस त्याला आज बावीस दिवस झाले. म्हणून कागद घेतला. कागद मध्येच ‘ठेवते’ म्हणत नाही.

घरी सगळं क्षेम. तुझ्या दादीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं, कारण डॉक्टरांनी दिलेली तारीख नेमकी तिच्या उपवासाच्या अष्टमीची निघाली. दादी म्हणाली, दिसत नाही ते बरंच आहे, तुझं दुकान बघावं लागत नाही. दुकानात लग्नसराईची गर्दी आहे. त्या संध्याकाळीही होती. निरगुडसरचे पाहुणे बस्ता बांधायला बसले होते, तू शाळेतून येऊन दादीसमोर केस सोडलेस, आणि बाईच्या बोटांना, डोळे नसूनही, ऊ सापडली. तिनं ते हळूच सांगितलं. मी मात्र गल्ल्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असा विनोद केला, “वा! झेडपीच्या नोकरीचा पहिला बोनस आला!” पाहुण्यांतला एक लगेच म्हणाला, “काय शेठ, मास्तरीणबाई उवापण शिकवित्यात व्हय?” सगळे हसले. मीही हसलो. तू केस बांधलेस आणि आत गेलीस. सकाळी तुझी बॅग दारात होती.

विनोद वाईट नव्हता, असं मी चार दिवस स्वतःला समजावत होतो. पाचव्या दिवशी जुनी पुस्तकं काढली. पुण्यात दोन वर्षं संस्कृत घोकून कापडाच्या दुकानात बसलेल्या माणसाला अडचणीत दुसरा आसरा कुठला? तर ऐक. ‘यूका’ म्हणजे ऊ, ‘लिक्षा’ म्हणजे लीख. आठ लिखांची एक ऊ आणि आठ उवांचा एक जव, असं आपल्याकडे लांबीचं माप होतं. ज्या देशात उवेनं मोजत, तिथं ती मोजणाऱ्यांच्या घरातच असणार. आपल्या जैन शास्त्रात तर ती तीन इंद्रियांची म्हणून नोंदलेली आहे. स्पर्श, चव, वास. डोळे नाहीत, कान नाहीत. मी पानामागून पान उलटलं. ती घाणीत राहते, गरिबाच्या घरी राहते, असं कुठंही लिहिलेलं नाही. ते मीच घातलेलं होतं.

मग एका बाजारच्या दिवशी साळुबाई दुकानात आली. तुझ्या चौथीतल्या भागूची आजी. नातीसाठी शाळेच्या ड्रेसचं कापड घ्यायला आली आणि तासभर तुझ्यावरच बोलत राहिली. तू मला यातलं काही सांगितलं नव्हतंस. मी विचारलं तरी कुठं होतं? वर्गातल्या पोरी भागूला शेजारी बसू देत नव्हत्या, म्हणून तिनं शाळाच बंद केली होती, आणि आजीनं स्वतःच्या अकलेनं इलाज काढला होता. “टमाट्यावर मारायचं औषध व्हतं घरात. म्हनलं, किडं मरत्यात तर उवा का न्हाई मरायच्या? फडकं बुडवायला आन तुमची पोरगी दारात उभी राहायला एकच गाठ. माझ्या हातातनं बाटलीच घेतली, शेठ. म्हनली, आजी, हे पोरीचं डोकं हाय, वावर न्हाई. ह्यानं जीव जाईल तिचा.” मग साळुबाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “लई धाडसाची पोरगी हाय तुमची. कुनावर गेली वो?” मी कापड मोजत राहिलो. अर्धा मीटर जास्त फाडलं गेलं.

दादी सगळं ऐकत बसली होती. तिनं एकच विचारलं, “मारतात का गं त्यांना?” साळुबाई म्हणाली, “न्हाई बाई, शनिवारी शाळा सुटली की डोकं ओलं करून तेल लावायचं आन फणीनं काढायच्या.” दादीचं समाधान झालं. खरं तर तिथंच गप्प बसायला हवं होतं, पण तुझ्या बापाला शिक्षण नडतं. रात्री सांगितलं तिला, की डोक्यावरून काढलेली ऊ एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही. बाई बराच वेळ माळ ओढत राहिली. मग म्हणाली, “त्यांचं मिच्छामि दुक्कडं मी करीन, त्या जिवांची क्षमा मी मागीन. ते माझ्या वाट्याला. पोरगी शाळेत बसली पाहिजे. तू शनिवारी फण्या घेऊन जा. प्लॅस्टिकच्या नेऊ नको, धातूच्या ने, बारीक दातांच्या.” आयुष्यभर पाणी गाळून प्यालेली बाई, रिंकू. तिला हे बोलायला काय लागलं असेल, ते तुला मी सांगायला नको.

तर गेल्याच्या गेल्या शनिवारी, तुला न सांगता, मी बारा फण्या घेऊन तुझ्या शाळेच्या फाटकाशी उभा होतो. शाळा सुटली होती, पण ओट्यावर पोरी आणि त्यांच्या आया जमल्या होत्या. मला वाटलं होतं तू पोरींची डोकी बघत असशील. तू तर पहिल्या पायरीवर केस सोडून बसली होतीस, आणि साळुबाई तुझ्या डोक्यावरून फणी ओढून पांढऱ्या फडक्यावर झाडत होती. अख्ख्या गावासमोर. तू ओरडलीस, “मोजा गं, बाईंच्या किती?” भागू ओरडली, “सात!” “आणि तुझ्या?” “पाच!” “मग पहिला नंबर कुणाचा?” पोरी हसून लोळल्या, आणि जी आई पदराआड पोरीचं डोकं लपवून उभी होती तिनं तिला पुढं ढकललं. मी फाटकाचा गज धरून उभा होतो. मला एवढंच वाटत होतं, की येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगावं, ती माझी मुलगी आहे.

तू पाणी आणायला आत गेलीस तशी भागू माझ्याकडे आली. फण्या तिच्याकडेच दिल्या आणि बाईंना नाव सांगू नकोस म्हटलं. त्या बदल्यात तिनं माझा वर्ग घेतला. “आजोबा, उवा उडत न्हाईत, उड्यापन मारत न्हाईत. डोक्याला डोकं लागलं की चालत येत्यात. लिखा केसाला चिकटत्यात, आठ-धा दिसांनी फुटत्यात, म्हनून तीन-चार दिसांनी परत फणी. दोन-तीन आठवडं. कटाळा केला की परत पैल्यापासनं.” माझ्या एकाही गुरूनं इतकं नीट शिकवलं नव्हतं. मग ती आणि तिच्या तीन मैत्रिणी, मी लपून काढलेला तुझा फोटो बघायला, माझ्या फोनवर वाकल्या. पाच डोकी एका फोनवर. तू बाहेर यायच्या आत मी स्कूटर चालू केली. तिथं थांबायचं धाडस मला झालं नाही. साळुबाईच्या प्रश्नाचं उत्तर असं, की तू माझ्यावर गेलेली नाहीस.

आता पत्राचं कारण. काल सकाळी आरशासमोर, कानामागं जी काही शेती शिल्लक आहे तिच्यात, मला एक यूका सापडली. चांगली चालती. न्हावी म्हणाला, “शेठ, गोटाच करून टाकू, हायेत किती!” मी नको म्हटलं. दादीला दिसत नाही, तुझी आई जाऊन सहा वर्षं झाली, आणि माझी बोटं कापडाला सरावलेली, केसाला नाही. रविवारी सकाळी तुझी फणी घेऊन घरी ये. डोकं ओलं करून, तेल लावून मी अंगणात पाटावर बसलेला असेन. फणी ओढताना तू माझ्या मागं असशील. समोरासमोर मला जे जमलं नाही, ते तुझ्याकडे पाठ असताना बोलता येईल, असं वाटतं.

तुझाच, डोकं खाजवत वाट बघणारा,
पप्पा