थाल्लुसासाठी लिहिलेलं आणि पुसलेलं कलम

मी आउलुस हेल्विउस प्रिमिओ, धंद्याने पाथरवट, राहणार बेनेवेंतुम, वेशीबाहेरच्या थडग्यांच्या रस्त्याला लागून. वय अडुसष्ट, निदान ज्याने मला विकत घेतलं तो तसं म्हणायचा. दगडाच्या भुकटीने छाती भात्यासारखी वाजते, पण डोकं ठिकाणावर आहे. हे लिहिताना कुणाचा दबाव नाही आणि नशाही नाही. वैद्याने वाइन बंद केली आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा नोवेल्लिउस माझा वारस व्हावा. बाकी सर्वांना वारशातून वगळलं आहे. बाकी कुणी उरलेलंही नाही.

दुकान, छिन्न्या, हातोडे त्याचे. दातेरी छिन्नी कुणाला उसनी देऊ नये. उसनी गेलेली छिन्नी परत येते, धार येत नाही.

शेजारचा धोबी मुक्किउस याला काहीही देऊ नये. कपडे धुवायच्या मुताचे रांजण त्याने तीस वर्षं माझ्या दाराशी ठेवले. अंत्ययात्रेला त्याने खुशाल यावं, पण सगळ्यांच्या मागून, वारा बघून चालावं.

अंगणातल्या चार शिळांवर ओळी कोरून तयार आहेत, नावं तेवढी घालायची. मी अक्षरं शाळेत नाही, थडग्यांवर शिकलो. आधी कोरायचो, अर्थ मागाहून कळायचा. गिऱ्हाईक कवींचं शहाणपण मागायचं, मी ऐकलेलं तोडून-जोडून द्यायचो. ‘वाटसरू, अंजीर पिकलं की खा, मी उद्यासाठी ठेवलं होतं.’ ‘थोडक्यात भागव, पण आज भागव.’ चाळीस वर्षं हेच कोरलं. लोकां सांगे ज्ञान, आपण कोरडा पाषाण.

यापुढे एक कलम होतं. काल लिहिलं, आज पुसलं. पाटीच्या मेणावर खूण दिसेल, पुढे वाद नको, म्हणून घडलं ते लिहितो.

कलम असं होतं: माझ्या मृत्यूनंतर माझी दासी थाल्लुसा मोकळी व्हावी. बावीस वर्षं ती माझ्या घरात बायकोसारखी राहिली. वाटलं, ऐकून तिला आनंद होईल. ती मसूर ढवळत होती.

“पुन्हा वाचा,” ती म्हणाली. मी वाचलं.

“म्हणजे तुम्ही मेल्यावर.”

“अगं, कायद्याने पक्कं असतं ते.”

“आणि तोवर रोज सकाळी तुमची छाती शेकताना मी देवाकडे काय मागू, मालक? तुम्ही जगावं, की मरावं? एक काय ते सांगा. दोन्ही एका तोंडाने मागता येत नाही.”

नोवेल्लिउस मध्ये पडला. “मावशी, मामा तुझ्या भल्याचंच...”

“तू गप रे. तुला दुकान मिळतंय.”

उत्तर मला ठाऊक होतं. माझ्या मालकानेही मला मृत्युपत्रानेच सोडलं. मोकळ्या माणसाची टोपी घालून मी त्याच्या तिरडीपुढे धाय मोकलून रडत चाललो, आणि त्याआधीचा अख्खा हिवाळा मी देवाकडे काय मागत होतो ते माझं मला माहीत. हे मी विसरलो नव्हतो. भीती होती, एवढंच. मोकळी झाली तर जाईल. म्हणून दरवर्षी म्हटलं, पुढच्या वर्षी.

आज सकाळी खाली नावं असलेल्या सातांसमोर मी म्हणालो, “थाल्लुसा, तू मोकळी आहेस.”

“कधीपासून?”

“आत्तापासून.”

तिने हात पुसले, शाल घेतली.

“कुठे निघालीस?”

“ते आता सांगावं लागत नाही ना?” टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

मी नाही म्हणालो. ती वेशीकडे गेली.

तेव्हा नवं कलम असं: मागची खोली, चूल आणि विहिरीचं पाणी थाल्लुसा या मोकळ्या स्त्रीचं, ती राहायला आली तर. नाही आली तर खोली तशीच ठेवावी. भाड्याने देऊ नये.

दुपार उलटली. ती आलेली नाही. तिला शोधायला कुणी जाऊ नये. नोवेल्लिउसने तर मुळीच जाऊ नये. उद्यापरवा मी स्वतः त्याचे पाय धरले, तरी जाऊ नये.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि शिक्का उमटवला.

साक्षीदार, आपापल्या शिक्क्यांसह: तित्तिउस कुंभार, कोक्केइउस बेकरीवाला, सात्रिउस, त्याचा भाऊ सात्रिउस धाकटा, ओविनिउस गाडीवान, राम्मिउस वैद्य, पेत्तिउस माळी.

बेनेवेंतुम, एप्रिलच्या पहिल्या तारखेआधी तिसरा दिवस.