चाळीस सेकंदांत गुलाबी गायब

सोमवार, ३ तारीख. स. ८.००
आजपासून शिस्त. (लिहिताना साडेदहा झालेत, पण ठरवलं आठलाच होतं.) शुक्रवारी मॅडमना दाखवायचं: जिवंत पेशींच्या कोमट, खारट पाण्यात माझे दोन रेणू काही सेकंदांत एकमेकांना जोडले जातात. नाही दाखवलं तर विषय काढून शंकासुराला देणार म्हणाल्या. शंकासुर म्हणजे शेजारच्या टेबलावरचा. त्याचं पीएचडीचं दुसरं वर्ष, माझं सातवं. अनुभव कोणाचा जास्त, उघड आहे.
पहिला रेणू गुलाबी. दुसरा त्याला जोडला की गुलाबी जातो. पोरखेळ. वेळ वाचावा म्हणून गुलाबी द्रावण आठवडाभराचं एकदमच त्या कोमट पाण्यात करून ठेवलं.

मंगळवार, ४
जमलं! चाळीस सेकंदांत गुलाबी गायब. शंकासुराने विचारलं, दादा, दुसरा रेणू न टाकलेली एक नळी शेजारी ठेवली होती का, ताडून बघायला? जळतोय. ज्या नळीत जोडायलाच कोणी नाही, तिथे बघायचं काय, डोंबल?

बुधवार, ५
बारा सेकंद! रंग सुरुवातीलाच जरा फिका वाटला. ट्यूबलाइट बदललेली दिसतेय. आईला फोन करून सांगितलं, काम फत्ते. तिने मावशीला कळवलंसुद्धा.

गुरुवार, ६. दुपारी
तीन सेकंद. घड्याळ चालू करेपर्यंत खेळ खलास. आता सराव पुरे, उगाच दृष्ट लागायची. प्रबंधातलं आभाराचं पान लिहायला घेतलं. शंकासुराचं नाव घालावं का? घातलं, मन मोठं करून. सगळ्यात शेवटी.

शुक्रवार, ७. दु. १२.१०
सगळे जमले. नवा शर्ट. नळी उंच धरून मी जाहीर केलं, आता दुसरा रेणू टाकतो.
मॅडम म्हणाल्या, "थांब. हे आधीच पाण्यासारखं दिसतंय."
खरंच. गुलाबीचा मागमूस नाही. मी म्हणालो, प्रक्रिया इतकी वेगवान आहे की... मॅडमनी मध्येच विचारलं, द्रावण कधीचं? सोमवारचं. कोमट पाण्यात हा रेणू आपला आपणच मोडतो, हे म्हणे पहिल्या वर्षाला शिकवतात. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

शनिवार, ८
विषय शंकासुराचा झाला. फार वाईट वाटलं, इथे कशाला लपवू? मला काढलं मात्र नाही, त्याच्या हाताखाली ठेवलंय. माझं काम: दुसरा रेणू न टाकलेली नळी. रोज ताजी.
शंकासुर म्हणाला, "दादा, यात तुझा हात धरणारं कोणी नाही."
अगदी मनापासून म्हणाला. तेच लागलं.