मलमाची साक्ष

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी स्केटिंग महासंघाच्या डॉक्टरांचा फोन. हंगामाच्या पहिल्या शर्यतीनंतर घेतलेल्या माझ्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलंय म्हणे. मी हसलेच. म्हटलं, "डॉक्टर, बाटली बदलली असेल, नीट बघा." ते हसले नाहीत.

औषधाचं नाव दोनदा विचारून घेतलं, तरी जीभ अडकते. स्नायू वाढवणारं काहीतरी. मला कशाला हवेत वाढीव स्नायू? मांड्या बघा माझ्या! विजार शिवून घ्यावी लागते मला.

आजपासून तात्पुरती बंदी. बर्फावर पाऊल टाकायचं नाही, संघाबरोबर सराव नाही. त्याच नमुन्याची दुसरी बाटली उघडून तपासतील तेव्हा सगळं स्वच्छ निघेल आणि हीच मंडळी माफी मागायला येतील. मी लगेच माफ करणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घरी सांगितलं. आईने आधी गॅस बंद केला, मग रडली. ताईला फोन लावून दोघी मिळून रडल्या. मीच समजूत घालत बसले. आरोपी मी, आणि धीरही मीच द्यायचा.

बाबा मागच्या खोलीत माझ्या स्केट्सना धार लावत होते. दोन्ही पाती साच्यात शेजारी-शेजारी आवळलेली, वर तेलाचा दगड. हे काम त्यांनी कधीच कुणाला करू दिलं नाही, संघाच्या कारागिरालाही नाही. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. धार नखावर तपासली, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "जेवलीस का?"

बस, एवढंच. बाकी सगळं जग प्रश्न विचारतंय, माझा बाप विचारत नाही. विचारायची गरजच काय?

मी बुटात मोजे घालत नाही. आमच्यातले बरेचजण घालत नाहीत. पाय उघडा असला की पात्याखालचा बर्फ कळतो. त्याची किंमत टाचा देतात. हंगामात टाचांची सालं निघून लाल मांस दिसतं. मी आठ वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी बाबा माझ्या टाचांना मलम चोळतात. आई म्हणते, सासरी गेलीस तरी हे जातील मागोमाग पाय चेपायला. आज बर्फावर गेले नव्हते, तरी ते वेळेवर मलम घेऊन आले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पेपरात फोटो. नेमका डोळे मिटलेला निवडलाय!

बगळीलाही विचारलं पत्रकारांनी. आम्ही तिला बगळी म्हणतो, कारण तिचे पाय संपतच नाहीत. चार वर्षं माझ्या मागून दुसरी येतेय. ती म्हणाली, "चौकशी चालू आहे, मी काही बोलणं बरं नाही." काही न बोलता सगळं बोलून गेली भवानी. फेब्रुवारीत जागतिक स्पर्धा आहे. तिथे नाकावर टिच्चून हरवीन तिला.

हॉलमध्ये घसरफळी टाकली. गुळगुळीत फळी, पायात मोजे, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. म्हटलं आता भांडणार. तर म्हणाल्या, "चालू दे तुझं, मी टीव्हीचा आवाज वाढवते." बरं वाटलं. मग जाताना दारात म्हणाल्या, "पण खरंच घेतलं नव्हतंस ना गं?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुसऱ्या बाटलीतही तेच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल एकच ओळ लिहून वही मिटली. आज डोकं ठिकाणावर आहे.

वकीलबाईंकडे गेले. ठेंगणी, चष्मा कपाळावर, बोलणं चाकूसारखं. मी टेबलावर हात आपटून सांगितलं की मी काही घेतलेलं नाही. त्या म्हणाल्या, "सगळेच असं सांगतात. घेतलं नाहीस हे पुरेसं नाही. ते तुझ्या पोटात, रक्तात, कुठून कसं आलं, हे तुला दाखवावं लागेल. नाही दाखवलंस तर चार वर्षं."

चार वर्षं! मी एकतीसची आहे. पस्तिशीत परत येऊन काय, पोरींच्या बाटल्या भरू? आणि पदकं काढून घेतील ते वेगळंच. गेली दहा वर्षं मी जे जिंकले त्या प्रत्येक पदकाकडे लोक बोट दाखवतील.

पण आलं तर आहे कुठून तरी. मग ते सापडेलच. पावडरी, गोळ्या, जीवनसत्त्वं, खोकल्याचं औषध, अगदी ओठांना लावायचं सुद्धा, सगळं पिशवीत भरून प्रयोगशाळेत दिलं. आईचा सगळा औषधांचा डबाच उचलून नेला. ती गुडघ्याच्या गोळीसाठी ओरडत बसली.

सराव घेणाऱ्या मास्तरांना फोन केला. मी जिंकले की मास्तर म्हणायचे, "आपण जिंकलो." आज म्हणाले, "तू नक्की काय खाल्लं होतंस?" 'आपण'ची 'तू' झाले मी. मला असा राग आला की फोन ठेवून सायकल काढली आणि चढावर घाम निघेपर्यंत दामटली.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. एकाही डब्यात काही नाही. आईच्या गोळ्या परत मिळाल्या, एवढाच फायदा.

खरं सांगू? भीती वाटतेय. इतके दिवस वाटत होतं की खरं आहे म्हणजे आपोआप दिसेल. मला स्वतःलाच ते कुठून आलं माहीत नाही, तर मी दुसऱ्याला काय दाखवू? आज घसरफळीवर चढलेच नाही. फळी उचलून कपाटामागे टाकली.

बाबा दोन दिवस ताईकडे गेलेत. दाजी बोटीवरून सुट्टीला आलेत, त्यांना भेटायला. जाऊ दे, घरात माझं तोंड बघून त्यांनाही कंटाळा आला असेल.

१ डिसेंबर, सोमवार

फळी परत काढली. मी रडत बसणाऱ्यातली नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सापडलं! सापडलं!

सकाळी बाबा ताईकडून आले ते थेट म्हणाले, "वकीलबाईंकडे चल." तिथे खिशातून एक चेपलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली. जखमेवरचं मलम. दाजींनी मागच्या सफरीत परदेशातून आणलेलं, तिकडे कुठल्याही दुकानात मिळतं. वकीलबाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, मागची बारीक अक्षरं वाचली आणि उभ्याच राहिल्या. तेच औषध! तेच न उच्चारता येणारं नाव!

पहिल्या शर्यतीच्या आठवड्यात धार लावताना बाबांचा अंगठा कापला होता. चांगला खोल. मला आठवतंय, मीच ओरडले होते त्यांच्यावर. जिंकल्यावर मला मिठी मारतानाच्या फोटोत पट्टी स्पष्ट दिसते. तर त्या अंगठ्याला त्यांनी हे मलम लावलं आणि त्याच अंगठ्याने माझ्या सोललेल्या टाचा चोळल्या. रोज संध्याकाळी! उघड्या मांसातून आत जायला कितीसा वेळ लागतो?

मी आधी रडले, मग हसले, मग भांडले. "बाबा, इतके दिवस काय करत होतात? मूग गिळून बसला होतात का?"

म्हणाले, "लक्षातच आलं नाही बघ."

हा माझा बाप! पात्यावरची केसाएवढी खाच बोटाला कळते आणि स्वतःचं औषध लक्षात राहत नाही. रस्त्यात मी त्यांचा हात धरून चालले. लहानपणी धरायचे तसा.

१६ डिसेंबर, मंगळवार

सुनावणी झाली. लांब टेबल, तीन जण, पाण्याच्या बाटल्या. माझं बोलणं लवकर आटोपलं. मग बाबा.

चार माणसांत तोंड न उघडणारा माझा बाप आज काय बोलला! अंगठ्यावरचा व्रण दाखवला. मलम कधी लावायचे, हात का धुवायचे नाहीत, टाच कशी धरायची, सगळं. समितीतल्या डॉक्टरीणबाईंनी आडवे-तिडवे प्रश्न विचारले. बाबा अडखळले नाहीत. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. शिक्षा द्यायचीच तर मला द्या, ती पोर काय करणार?" आणि डोळ्यांना रुमाल लावला. आजोबा गेले तेव्हाही त्यांना असं पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. वकीलबाईंनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

२२ डिसेंबर, सोमवार

सुटले!! दोष नाही, बंदी नाही, पदकं जागच्या जागी. उद्यापासून बर्फ!

मास्तरांचा फोन. "आपण सुटलो." मी म्हटलं, "हो का? आपण कोण-कोण?" सकाळी सातला ये म्हणाले, मी येते म्हटलं. माफ करायला फार वेळ नाहीये, फेब्रुवारी जवळ आलाय.

बगळीचा निरोप: "अभिनंदन. बर्फावर भेटू." भेटूच. तुझ्या त्या लांब पायांना घाम फोडते बघ.

खालच्या काकू पेढ्याच्या गोडीने बोलून गेल्या, "मला तर पहिल्यापासून खात्री होती." आईने त्यांना चहासुद्धा दिला. आज सगळ्यांना माफी.

२३ डिसेंबर, मंगळवार

बाबा गाडीने सोडायला आले. मैदानाच्या फाटकाशी गाडी थांबवून, समोर बघतच म्हणाले, "ती ट्यूब मी ताईकडे गेलो तेव्हाच दाजींकडून आणली. अंगठ्याला तेव्हा नुसती पट्टी बांधली होती. हे आपल्या दोघांतच ठेव. या वेळी निभावलं, पण पुन्हा घेऊ नकोस, बाळा."

मी म्हटलं, "बाबा, मी घेतलंच नव्हतं."

"बरोबर," ते म्हणाले. "कुणीही विचारलं तरी असंच सांगायचं."