विजयाताईंची खोली आणि बाकीची व्यवस्था

मी, योगिनी परीक्षित सबनीस, वय वर्षे बासष्ट, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, राहणार साकेत नगर, भोपाळ, आज सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर मला कसलेही औषध चालू नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्यावर इतका दबाव होता की पुढे ठेवलेल्या कोऱ्या स्टॅम्पपेपरवरही मी सही करून दिली होती. त्यामुळे दबाव कशाला म्हणतात ते मला कळते आणि आज तो नाही, हे मी खात्रीने लिहू शकते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझी देणी.
आमच्या वकील शमिका कोरान्ने म्हणाल्या, मिळकत आधी लिहा, देणी शेवटी. मी मुद्दाम उलटे करते आहे. आज माझी दोनच देणी उरली आहेत: बँकेचे कर्ज, ज्याची मुदत बँकेने वाढवून दिली आहे, आणि लोकअदालतीत ठरलेले सावकाराचे हप्ते, जे पुढच्या दिवाळीपर्यंत चालतील. त्याआधी माझे काही झाले तर पोस्टातल्या ठेवीतून ही दोन्ही देणी भागवावीत. याखेरीज कोणी तिसरा कागद घेऊन दारात आला तर त्याला आत घेऊ नये.

आशय, हे तुझ्यासाठी. आईचे कर्ज मुलाच्या पगारातून वसूल होत नाही. जे काही द्यायचे ते मी मागे ठेवलेल्या मिळकतीतून, आणि तेवढ्यापुरतेच. कोणी फोनवर कितीही ओरडले तरी कशावर सही करू नकोस. ही एवढीशी गोष्ट मला माहीत नव्हती, आणि तुझ्या नोकरीची भीती घालूनच त्या लोकांनी मला नाचवले.

कलम २. हे कर्ज कसे झाले.
नातेवाइकांत बऱ्याच गोष्टी पसरल्या आहेत. मी म्हणे शेअर बाजारात बुडाले. तेव्हा खरे काय ते नोंदवते. यजमानांच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिससाठी पहिले कर्ज काढले. ते गेल्यावर दातांची लॅब मी एकटीने चालवली. मोठ्या शहरांतल्या लॅब यंत्रावर दात कापून कुरियरने पाठवू लागल्या, तेव्हा टिकून राहायचे म्हणून मीही सिरॅमिकची नवी भट्टी हप्त्याने घेतली. काम मात्र वाढले नाही. भट्टीचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड वापरले, कार्ड भरायला मोबाइलवरच्या ॲपमधून पैसे घेतले, आणि त्या ॲपवाल्यांचे तोंड बंद करायला एका सावकाराकडे गेले. त्याचे नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचे त्यांना कळेल. त्याने सह्या केलेले कोरे चेक घेतले आणि वर तो स्टॅम्पपेपर. मंगळसूत्र सोडून घरातले सगळे सोने तोवर गेलेच होते. मी ना जुगार खेळले, ना उधळपट्टी केली. रोज सकाळी लॅब उघडत होते आणि रोज थोडी जास्त बुडत होते.

कलम ३. माझे भाऊ श्री. गोविंद यांच्याविषयी.
मदत मागायला मी सर्वांत आधी इंदूरला गोविंदकडे गेले होते. मी पैसे मागितले नाहीत. फक्त एवढेच म्हटले, "तू बँकेत होतास, माझ्याबरोबर बसून हे कागद बघ, यातून वाट कशी काढायची ते सांग." त्याने चहा दिला. म्हणाला, "सध्या बंगल्याचं रंगकाम चालू आहे गं, डोकं ठिकाणावर नाही. पण तू असं करायला नको होतंस." मी भोपाळला पोहोचायच्या आत ही बातमी उज्जैनपर्यंत पोहोचली होती. श्री. गोविंद यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. त्यांच्या बंगल्याचा रंग छान झाला आहे असे ऐकते.

कलम ४. श्रीमती विजया सबनीस यांच्याविषयी.
विजयाताई माझ्या नणंदबाई. लग्न केले नाही, सचिवालयात स्टेनो होत्या, सगळी नोकरी तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली, आणि निवृत्तीनंतर भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. भावाला उपचारांसाठी नागपूरला न्यावे असे त्यांचे म्हणणे होते, मी भोपाळलाच ठेवले. यजमानांना स्मशानात पोहोचवून आलो त्या दिवशी माझ्याच दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "माझा भाऊ तू घालवलास." त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले, ते वर्षानुवर्षे बंदच राहिले.

पुढे जे घडले ते मी सविस्तर लिहिते, कारण ते कोणाला माहीत नाही.

ॲपवाल्यांच्या वसुलीचे दोन जण एका दुपारी लॅबमध्ये आले. समोर डॉ. नितीन खेर त्यांच्या पेशंटची कवळी घ्यायला उभे होते. एकाने शटर अर्धे खाली ओढले आणि म्हणाला, "डॉक्टर साहब, इनको काम मत दीजिए, ये चोर हैं." दुसरा खुर्ची ओढून बसला आणि माझ्याकडे बघून हसत राहिला. "मैडम, आज नहीं दोगी तो कल बेटे के ऑफिस में बैठेंगे, पुणे में." जाता जाता त्याने फोन काढून माझा फोटो काढला. तासाभरात तो फोटो, खाली 'फ्रॉड' असे लिहून, माझ्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर गेला. डॉक्टरांना, आशयच्या सासरच्यांना, दूधवाल्याला.

मी लॅबमधल्या मदतनीस कल्पनाला लॅब बंद करायला सांगितले आणि रिक्षाने हबीबगंज स्टेशनवर गेले. त्याचे नाव आता बदलले आहे, पण माझ्या तोंडी ते बसत नाही. तिकीट काढले नव्हते. फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसले. गाड्या येत होत्या, जात होत्या. घरी परत जायचे नाही एवढेच ठरलेले होते, त्यापुढचे मी या कागदावर लिहीत नाही. फोन सतत वाजत होता. मी तो उपडा ठेवला होता. बंद करावा म्हणून उचलला तर त्या परक्या नंबरांमध्ये पाच-सहा वेळा एकच नाव दिसले. विजयाताई.

त्या शिव्या देतील असेच मला वाटले. तरी मी फोन लावला. का लावला ते सांगता येणार नाही. कदाचित एवढ्यासाठीच, की निदान त्यांच्या शिव्या मराठीत असतील.

"कुठे आहेस?" त्यांनी विचारले.

"स्टेशनवर."

"कुठे निघालीस?"

मी सुटणाऱ्या गाडीकडे बघत राहिले.

"योगिनी, तिकीट काढलंयस का?"

"नाही."

"मग ऊठ. बाहेर चहावाल्यापाशी येऊन उभी राहा. मी ऑटोत बसतेय. फोन ठेवू नकोस, बोलत राहा."

"काय बोलू, ताई? मी बुडाले. मला मदत पाहिजे." हे शब्द मी त्याआधी कोणाजवळही असे सरळ उच्चारले नव्हते. गोविंदकडेसुद्धा नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "उठलीस का? जिन्याकडे वळलीस का?"

त्या घरातल्या स्लिपरवरच आल्या. तो फोटो त्यांनाही पोहोचला होता, पण त्याविषयी त्यांनी विचारले नाही, भावाचा विषय काढला नाही. ऑटोत सगळा वेळ माझे मनगट धरून बसल्या होत्या. इतके घट्ट, की नंतर वळ उठला.

कलम ५. सावकाराविषयी.
दुसऱ्या दिवशी ताई मला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवेच्या खिडकीवर घेऊन गेल्या. बायकांना तिथे फुकट वकील मिळतो, हेही मला माहीत नव्हते. शमिकाबाई तिथेच भेटल्या. त्यांनी आधी पाणी दिले, मग म्हणाल्या, "आजपासून नवीन कर्ज नाही. कितीही धमक्या आल्या तरी एकाचं देण्यासाठी दुसऱ्याचं घ्यायचं नाही. एवढं जमेल?" मी हो म्हटले. ठाण्यातल्या हवालदाराने तक्रार घ्यायला टाळाटाळ केली, "ये तो आपका पैसों का मामला है, अम्मा." ताई म्हणाल्या, "ठीक है. आप शिकायत नहीं लेंगे, इतना लिखकर दे दीजिए." त्याने तक्रार घेतली. फोटो पाठवणाऱ्यांचे फोन त्यानंतर हळूहळू थांबले.

सावकार थांबला नाही. तो घरी आला, यजमानांच्या खुर्चीत बसला आणि भिंतींकडे बघत म्हणाला, "भाभीजी, फ्लैट तो अब अपना ही समझो. कागज़ मेरे पास है." ताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. वकीलबाईंनी शिकवलेला एकच प्रश्न त्यांनी विचारला. "आपके पास साहूकारी का लाइसेंस है?" तो उठला नाही. चहा मागितला. ताईंनी तो करून दिला, तो पिईपर्यंत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि कप उचलून दार उघडले.

त्याने चेक न वटल्याची केस टाकली. वर्षभर प्रत्येक तारखेला मी रात्री जेवू शकले नाही. गेल्या डिसेंबरात लोकअदालतीत तडजोड झाली: राहिलेले मुद्दल हप्त्यांनी, व्याज नाही. माझे चेक आणि तो स्टॅम्पपेपर त्याने न्यायाधीशांसमोर परत दिले. सगळे सुटले असे समजू नये. भट्टी विकावी लागली. दोन डॉक्टरांनी काम देणे बंद केले ते केलेच. दारावरची घंटा वाजली की अजूनही मी आधी खिडकीतून बघते.

कलम ६. लॅबचे सामान.
पॉलिशचे यंत्र, मेणाचे चाकू, साचे, टेबल आणि उरलेले सर्व सामान कल्पना अहिरवार हिला द्यावे. पगार थकला तेव्हाही ती आली. शटर अर्धे खाली ओढले त्या दुपारी तीच त्याखालून वाकून बाहेर गेली आणि शेजारच्या दुकानदारांना बोलावून आणले. डॉ. खेर यांनी काम कल्पनाकडे चालू ठेवावे, ही विनंती आहे, अट नाही.

कलम ७. चिरंजीव आशय.
देणी भागवून पोस्टात जे उरेल ते, आणि माझे मंगळसूत्र, आशयला. तो फोटो पोहोचला तेव्हा त्याचे पहिले शब्द होते, "आई, सासरच्यांना काय सांगू?" ते मला लागले. पण पुढच्या महिन्यापासून त्याने न सांगता बँकेचा अर्धा हप्ता भरायला सुरुवात केली, हेही इथेच लिहून ठेवते. त्याला एक काम सांगते, जे त्याला आवडणार नाही. माझ्या तेराव्याला हे मृत्युपत्र सगळ्या जमलेल्यांसमोर मोठ्याने वाचावे, कलम दोन आणि चार गाळू नयेत. "आई, घरातली गोष्ट घरात राहू दे ना," असे तो कालच म्हणाला. त्या गर्दीत कोणीतरी फोन उपडा ठेवून बसलेले असेल. ते वाचन त्याच्यासाठी आहे.

कलम ८. राहते घर.
साकेत नगरचा फ्लॅट माझ्या नावावर असून आशयने त्यावरचा हक्क सोडल्याचे लिहून दिले आहे. मालकी माझ्यानंतर आशयचीच. परंतु पूर्वेकडची मोठी खोली, स्वयंपाकघर आणि देवघर वापरण्याचा हक्क विजयाताईंना त्यांच्या हयातीपर्यंत राहील, आणि त्या असेपर्यंत फ्लॅट विकता येणार नाही.

या कलमाचा मसुदा काल मी शमिकाबाईंसमोर ताईंना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तू मेल्यावर मला खोली?"

"हो."

"मी एकोणसत्तर वर्षांची आहे, योगिनी. तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तू मरेपर्यंत मी भाडं भरत बसू?"

शमिकाबाई हसू दाबत म्हणाल्या की मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते, त्यात 'आजपासून' असे लिहिता येत नाही. मी म्हटले, मी लिहिणार. त्या म्हणाल्या, त्याला कायद्यात काही अर्थ नाही. ताई म्हणाल्या, "अर्थ असू दे नाहीतर नसू दे, मला एक टेम्पो लागेल. कपाट सागवानी आहे, ते मी टाकून येणार नाही."

सबब वरील हक्क आजपासून. टेम्पो रविवारी सकाळी येणार आहे.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

योगिनी परीक्षित सबनीस
(सही)

साक्षीदार:
१. डॉ. नितीन खेर, दंतवैद्य, भोपाळ (सही)
२. सौ. मंजूषा चौबळ, शेजारी, साकेत नगर (सही)

स्थळ: भोपाळ
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५