अंदाजाचं बिल

बुधवार, पौड

विजेच्या नव्या, सोप्या बिलाचा नमुना दाखवायला आज ताम्हिणीत हौसाबाईंकडे गेले. त्यांचे यजमान घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर होते, मागच्या महिन्यात गेले. पावसात मीटर वाचायला कुणी फिरकलं नव्हतं, म्हणून बिल अंदाजानं काढलेलं, भलतंच मोठं. त्यावर नुसतं ‘सरासरी’ छापलेलं. त्यांना वाटलं, मशीनच वीज खातंय.

“मंग ह्येच म्हनले, दिवसा बंद ठिव.”

नव्या नमुन्यात स्पष्ट लिहिलंय : मीटर वाचलेलं नाही, आकडा अंदाजाचा आहे. मी ते मोठ्यानं वाचलं. का वाचलं?



“म्हंजी मशीननं न्हवती खाल्ली?”

“नाही,” मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

त्यांनी उठून चहा ठेवला. मला तो प्यावा लागला.