दरवाज्यापाशी दिवे घेतलेल्या बायका

१२ ऑगस्ट २००३

उतरला एकदाचा! सकाळी डाउनलोडला लावला होता, चहाच्या वेळेला पूर्ण झाला. मधे दोनदा लाइन तुटली आणि दोन्ही वेळा पुन्हा पहिल्यापासून. फोनची लाइन एकच, तिच्यावरच आमचा कॅफे आणि तिच्यावरच पीसीओ. फोन करायला आलेले लोक बाहेर बाकावर ताटकळले. अब्बू प्रत्येकाला सांगत होते, "लाइन खराब आहे भाऊ, बसा." माझ्यासाठी खोटं बोलतात आणि मग मलाच ओरडतात.

पण ट्रेलर भारी आहे. 'आयर्नवेल' गेमचा दुसरा भाग, पुढच्या वर्षी येणार. पहिला भाग मी तीनदा संपवला. त्याच्या शेवटी लोहाराचा पोरगा ऑरिक जमिनीखालच्या राज्यात उतरतो आणि त्याच्या मागे लोखंडी दरवाजा बंद होतो. बस, खेळ खतम. तेव्हापासून तो बिचारा खालीच आहे आणि आम्ही सगळे वर.

ट्रेलरमध्ये तोच दरवाजा आहे, भर दिवसाचा. भिंतीवर ओळीनं टांगलेले दिवे, त्यात एक खिळा रिकामा. मग एक लांब, घोगरा आवाज. आणि दरवाज्यापाशी पाठमोऱ्या उभ्या बायका — प्रत्येकीजवळ पेटलेला दिवा. संपलं. जेवताना अम्मीनं दोनदा भाजी वाढली, मला कळलंसुद्धा नाही.

१३ ऑगस्ट

सकाळपासून नेटवर या गेमचा फोरम वाचतेय. जगभरचे रिकामटेकडे तिथे जमलेत, मी धरून. सगळ्यांचं म्हणणं एकच — तो आवाज म्हणजे रणशिंग, युद्ध सुरू होणार. नॉर्वेचा एक 'वुल्फ७' आहे, मोठा शहाणा. त्यानं खालच्या राज्याचा नकाशा काढलाय! तो म्हणतो, ऑरिक मेला, या बायका शोक करायला आल्या आहेत.

ऑरिक मेलेला मला चालणार नाही.

आवाज मोठा करून पुन्हा लावला. तर पलीकडच्या खोलीतून अब्बू — "पहिली पाळी सुटली का? आज इतक्या लवकर काऊन?" काठी घेऊन घड्याळ पाहायला उठलेसुद्धा. मी पोट धरून हसले. मग एकदम हसू थांबलं. अरे, रणशिंग कसलं? भोंगा आहे तो!

१४ ऑगस्ट

डिक्शनरी मांडीवर घेऊन लिहिलं. तिथे मी शाजिया नाही, 'दिवाबत्ती'. अम्मीशी हिंदी, अब्बूंशी इथली बोली, शाळेत मराठी, फोरमवर मोडकंतोडकं इंग्रजी. आणि ही वही मराठीत, कारण अम्मीला मराठी वाचता येत नाही.

लिहिलं की आमच्या भद्रावतीत कोळशाच्या खदानी आहेत, पाळी बदलली की भोंगा होतो. खदानीच्या दरवाज्याशी लॅम्प रूम असते. खाली जाणाऱ्याला तिथून दिवा मिळतो, वर आला की तो परत करायचा. दिवा जागेवर असेल तर माणूस वर आहे, जागा रिकामी असेल तर माणूस खाली. भिंतीवर एकच खिळा रिकामा आहे. म्हणजे ऑरिक जिवंत आहे, खाली आहे. आणि बायका शोक करत नाहीत, पाळी सुटायची वाट पाहतात.

वुल्फ७चं उत्तर — छान, पण ही फँटसी आहे, कोळशाची खदान नाही. मी लिहिलं, खालचं राज्य, लोखंडी दरवाजा, दिवे, भोंगा — अजून काय दाखवायला हवं, जेवणाचा डबा?

२० ऑगस्ट

मला पाहायला पाहुणे येऊन गेले. मुलगा अनस, खदानीत इलेक्ट्रिशियन. जवळच्याच खदानीत, जिथे अब्बू होते. कान मोठे, बोलणं कमी. बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे तेवढे निवडून खाल्ले आणि पकडला गेल्यावर लाजला. मला हसू आलं. त्याची अम्मी जाताना म्हणाली, "रमजानच्या आधी सांगा, घाई नाई."

शिंपी असता, कंडक्टर असता तर मी आजच मान हलवली असती. पण खाली उतरणारा नको.

सातवीत होते. भोंगा अवेळी झाला. अवेळी भोंगा म्हणजे काय ते इथल्या पोरासोरांना कळतं. अम्मीच्या हाताला कणीक तशीच होती, माझा हात धरून ती गेटवर गेली. तिथे सगळ्या बायका उभ्या. कुणी रडत नव्हतं, बोलतही नव्हतं, फक्त दरवाज्याकडे पाहत होत्या. अब्बू आले, स्ट्रेचरवर आले, पायाचं वाटोळं झालेलं. जिवंत आले, अल्लाचे उपकार. पण माझ्या मनगटावर अम्मीची ती कणीक वाळली होती, ते मला अजून आठवतं. तेव्हाच ठरवलं, मी त्या गेटवर उभी राहणार नाही. कुणासाठीच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

२३ ऑगस्ट

अम्मी दिवसभर माझा चेहरा वाचते. मी फोरम वाचते.

३० ऑगस्ट

खदानीच्या ऑफिसातून पुन्हा माणूस आला होता. अपघातानंतर अब्बूंना वरचं हलकं काम दिलं होतं, गेल्या वर्षी डॉक्टरांनी तेही बंद करून कायमचं अनफिट केलं. त्यांच्या जागी घरातल्या एकाला काम मिळू शकतं. "बाबूभाई, नाव सांगा ना कोनाचं लावायचं ते." अब्बू म्हणाले, "कोनाचं सांगू? पोरगा नाई मले. एक पोरगी आहे, तिचं लग्न करून राह्यलो." माणूस चहा पिऊन गेला.

इकडे ब्राझीलच्या एका पोरीला माझं भोंग्याचं म्हणणं पटलंय. दोन मतं झाली — एक माझं, एक तिचं. उरलेलं जग वुल्फ७कडे.

७ सप्टेंबर

अनसचा फोन. अब्बूंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि कधी न झाडलेली पायरी झाडायला बाहेर गेले.

"तुमी दिवसभर त्या कॉम्प्युटरवर काय करता?"

चिडून सगळं सांगितलं. ऑरिक, खिळा, भोंगा, बायका, नॉर्वे. वाटलं हसेल. हसला नाही. मग विचारतो, "दिवे पेटून होते का?"

"हो."

"भर दिवसा?"

"हो. का?"

"मंग त्या वाट नाई पाहून राह्यल्या. लॅम्प रूममधून दिवा त्यालेच भेटते ज्याले खाली जायचं आहे. गेटवरच्या घरच्या लोकायले कोन दिवा देते?"

तीन आठवडे आम्ही सगळे खिळा मोजतोय, भोंगा ऐकतोय, आणि त्या बायकांजवळ दिवे का आहेत हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही — मी तर गेट पाहिलेली! म्हणजे बायका वाट पाहत नाहीत. त्या ऑरिकला आणायला खाली निघाल्या आहेत.

"हॅलो? राग आला का?" अनस विचारतो.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही अजून काय काय पाहता?"

"वायर," म्हणाला.

९ सप्टेंबर

फोरम पेटला. पानंच्या पानं. वुल्फ७ म्हणतो, या बायकांकडे तलवारी नाहीत, चिलखत नाही, खाली जाऊन करणार काय? ब्राझीलवालीनं त्याला असं झापलंय की डिक्शनरीत निम्मे शब्द सापडले नाहीत. फोरम चालवणाऱ्यानं माझं लिखाण सगळ्यात वर लावलं. मी फालुदा खाल्ला, स्वतःच्या पैशानं.

१५ सप्टेंबर

तीन दिवसांपूर्वी अनसचा पुन्हा फोन आला. पहिलाच प्रश्न — "नॉर्वेवाला काय म्हनते?" मग म्हणाला, नकाशात हवा यायची वाट कुठे आहे ते त्याला विचारा, हवेशिवाय राज्य कसं चालेल. विचारलं. वुल्फ७नं दोन दिवसांनी नकाशात एक धुराडं काढलं.

आज अनसला सांगितलं तर इतका खूश झाला, जणू ते धुराडं त्यानंच बांधलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हसत होते. अम्मीनं ते पाहिलं. आता आली का पंचाईत! हसू वेगळं आणि हो म्हणणं वेगळं, हे तिला कोण समजावणार?

३ ऑक्टोबर

भोंगा झाला. अवेळी, दुपारच्या आधी.

मी कशी गेले ते आठवत नाही. कॅफेत दोन पोरं बसली होती, त्यांना काय सांगितलं तेही आठवत नाही. गेटवर पोचल्यावर पाहिलं तर एक चप्पल माझी आणि एक अम्मीची. भोवती कॉलनीच्या बायका. तसंच सगळं. आणि सगळ्यात पुढे मी, गजांना धरून.

गेटच्या आत लगेच लॅम्प रूम. तिची खिडकी उघडी होती, आतली दिव्यांची भिंत दिसत होती — निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या. त्यातली अनसची कुठली, मला काय ठाऊक! खिडकीत एक बाई उभी होती, साडीवर खाकी शर्ट. तिनंच ओरडून सांगितलं, "काई नाई झालं बाई, घरी जा! भोंगा दुरुस्त करून राह्यले, टेस्टिंग आहे!"

आणि भोंग्याच्या खांबावरून शिडीनं खाली उतरला — अनस. खालून नाही, वरून! आधी माइकवर सांगायचं होतं, पण तिथली लाइट गेलेली, माइक बंद, आणि यानं सगळ्यांनी ऐकलंय असं समजून बटण दाबलं. साहेब सगळ्यांसमोर झाडत होते. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. कान लाल.

गेटजवळ येऊन म्हणाला, "तुमी इथी काऊन?"

"आवाज जरा घोगरा येतो," मी म्हटलं. "तेच सांगायला आले."

हसला. मग माझ्या चपलांकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. "माफ करा," म्हणाला. "खरंच."

परत निघताना चपला हातात घेतल्या. खिडकीतल्या त्या बाईनं पाणी दिलं. इंदुताई नाव. नवरा अनफिट झाला, त्याच्या जागी लागली. "मी दिवे देतो, मीच परत घेतो," म्हणाली. "घरी बसून भोंगा ऐकन्यापेक्षा हे बरं आहे बाई. कोन कुठी आहे, मले माईत असते."

आता घरी आहे. गेटवर उभी राहणार नाही म्हणाले होते ना? अनस आवडतो मला. लिहून टाकलं.

५ ऑक्टोबर

ट्रेलर पुन्हा पाहिला, थांबवत थांबवत. पाठमोऱ्या बायका. दिवे कुणीच छातीशी धरलेले नाहीत. सगळ्यांचे हात पुढे आहेत, कुणाला दिवा देताना असतात तसे.

हे फोरमवर टाकलेलं नाही. वुल्फ७ला सगळंच कशाला सांगायचं?

१० ऑक्टोबर

अब्बूंना त्यांच्या खदानीतल्या जागेबद्दल एक गोष्ट विचारली. ते कितीतरी वेळ काठीची मूठ पुसत बसले. मग म्हणाले, "उद्या सकाळी ऑफिसात जाऊ. तू बी चल."

१२ ऑक्टोबर

अम्मीला हो सांगितलं. ती रडली, मग शेजारी सांगायला पळाली, मग परत येऊन पुन्हा रडली. निकाह लगेच नाही, आधी माझं एक काम व्हायला हवं — तेही सांगितलं. त्यावर तिला आणखी रडायचं होतं, पण तेवढ्यात दूध उतू गेलं.

अनसला फोन मीच लावला. काम काय ते सांगितलं. वाटलं, संपलं.

"किती दिवस लागतील?" त्यानं विचारलं.

"सरकारी काम. काय माहीत."

"ठीक आहे," म्हणाला. "मंग मी वाट पाहतो."

३ जानेवारी २००४

गेम पुढे ढकलला, आता २००५. फोरमवर रडारड. वुल्फ७ म्हणतो, तोवर तो नकाशात आणखी दोन मजले काढणार. त्याला सांगितलं, जिने विसरू नकोस.

१५ मार्च २००४

लॅम्प रूम, पहिली पाळी. बाबूभाईंच्या जागी शाजिया. साडीवर खाकी शर्ट, जरा मोठाच आहे. इंदुताईंनी खिडकीत उभं केलं. रांगेत अनस होता. त्यानं टोकन दिलं, मी दिवा दिला. रांग मोठी होती, बोलायला वेळ नव्हता.

दुपारी भोंगा झाला. मी गेटकडे पाहिलंसुद्धा नाही, हात भरलेले होते. त्याचा दिवा आला. पुसला आणि जागेवर लावला.